पीएचसीत सर्पदंश: पावसाळ्याआधी काय तयार ठेवावं, पहिल्या तासात काय करावं?

धानपट्टा_एमओ विचारतात:

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) वैद्यकीय अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो आहे. भोवती धानाच्या बांध्या आणि जंगल. ग्रामीण रुग्णालय 34 किलोमीटरवर, जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेज) त्याच्याही पुढं. रोवणी तोंडावर आली आहे, म्हणजे सापाचे पेशंट येणारच. स्टॉक पाहिला तर एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) 12 व्हायल, त्याही औषध भांडारात कुलपात. स्टाफचं म्हणणं असं की, "सर, सलाईन लावा आणि पुढं पाठवा. रिअॅक्शन आली तर इथं कोण सांभाळणार?"

पहिला डोस इथंच द्यायचा की सरळ रेफर करायचं? व्हायल किती आणि कुठं ठेवायच्या? 20 मिनिटांच्या रक्ताच्या चाचणीसाठी आमच्या लॅबमध्ये प्लास्टिकच्याच ट्यूब आहेत, त्या चालतील का? लहान लेकराला डोस कमी करायचा का? पीएचसीत हे काम करणाऱ्यांनी खुलासेवार सांगावं.

वावरातला_डॉक्टर (ग्रामीण रुग्णालय, चंद्रपूर जिल्हा):

डॉक्टर, लक्षणं असतील तर पहिला डोस तुमच्याकडंच. एएसव्ही रक्तात मोकळं फिरणारं विष निकामी करते. मण्यारीचं विष एकदा नसांच्या टोकांना जाऊन चिकटलं किंवा घोणशीच्या विषानं किडनी धरली, की मग कितीही व्हायल दिल्या तरी झालेलं नुकसान परत फिरत नाही. 108 यायला लागणारा वेळ, 34 किलोमीटरचा रस्ता, तिथं पुन्हा केस पेपर, हे सगळं धरलं तर दोन तास सहज जातात. तेवढा वेळ विषाला मोकळा द्यायचा नाही.

पण साप चावला म्हणून सरसकट एएसव्ही लावू नका. बिनविषारी साप असतो, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. डोस सुरू करायचा तो या खुणांवर: चाचणीत रक्त गोठलं नाही, हिरड्यांतून, लघवीतून किंवा जखमेतून रक्त थांबत नाही, पापण्या उतरल्या, गिळता येईना, मान उचलेना, किंवा सूज झपाट्यानं वर चढत चावलेल्या हाता-पायाच्या अर्ध्याच्या वर गेली. नुसते दाताचे व्रण आणि घाबरलेला पेशंट असेल तर 24 तास निरीक्षणात ठेवा, घरी सोडू नका.

प्लास्टिकची ट्यूब या चाचणीला चालत नाही. रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळं सुरू होते. प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तसुद्धा 20 मिनिटांत नीट गोठेलच असं नाही, आणि मग गरज नसलेल्याला 10 व्हायल जातात. काचेची, नवी, कोरडी टेस्ट ट्यूब घ्या. धुतलेली वापरू नका, साबणाचा अंश राहिला तरी निकाल चुकतो. शिरेतलं 2 मिली रक्त घालून ट्यूब स्टँडमध्ये उभी ठेवा, मोबाइलवर 20 मिनिटांचा टायमर लावा, मधे हलवून पाहू नका. वेळ झाली की एकदाच आडवी करा. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरसे, डोस सुरू. गोठलं तर पहिले तीन तास दर तासाला, नंतर 24 तासांपर्यंत दर सहा तासांनी पुन्हा करा. ट्यूबचा नवा डबा आला की आधी स्टाफपैकी एखाद्याच्या रक्तावर तपासून घ्या. तिथं गोठलं नाही तर तो डबा बाजूला काढा.

नाग आणि मण्यार यांच्यात ही चाचणी नॉर्मल येते, रक्त गोठतं, म्हणून तिच्यावर विसंबू नका. त्यांच्यासाठी पापण्या पाहा, वर बघायला सांगा, एका श्वासात कुठवर आकडे मोजता येतात ते दर अर्ध्या तासाला लिहून ठेवा. आकडा उतरत चालला म्हणजे श्वासाचे स्नायू थकत आहेत.

मण्यारीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पीएचसीत सगळ्यात जास्त तीच सुटते. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूजत नाही, व्रण दिसेलच असं नाही. पहाटे माणूस पोटदुखी, उलटी, घसा दुखतो असं सांगत येतो. पावसाळ्यात खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला आणि पापण्या जड दिसत असतील, तर अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं नाही. साप कोणी पाहिला नाही म्हणून थांबायचंही नाही.

डोस: मोठ्या माणसाला 10 व्हायल. लेकरालाही 10, गरोदर बाईलाही 10. साप लहान मूल पाहून विष कमी सोडत नाही. वजनाप्रमाणं बदलतं ते फक्त पाणी. प्रत्येक व्हायल 10 मिलीत विरघळली की 100 मिली होतात. मोठ्या माणसासाठी 500 मिली नॉर्मल सलाईनच्या बाटलीतून 100 मिली काढून टाका, त्यात हे 100 मिली घाला, तासाभरात द्या. 20 थेंबांच्या सेटवर ते मिनिटाला 165 च्या आसपास थेंब होतात. पहिली दहा मिनिटं हळू सोडा, पेशंटजवळ उभे राहा, मग वेग वाढवा. लेकराला एकूण पाणी किलोला 5 ते 10 मिली. 12 किलोच्या पोराला 100 मिली एएसव्हीत थोडं सलाईन घालून 120 मिली करा आणि मायक्रो सेटनं (बारीक थेंबांच्या सेटनं) मिनिटाला 120 थेंब. त्वचेवरची टेस्ट डोस करत बसू नका, तिच्यावरून रिअॅक्शन येणार की नाही ते कळत नाही.

आता ज्या भीतीपायी रेफर होतं ती रिअॅक्शन. अॅड्रेनालिनची 1 मिग्रॅची अॅम्प्युल फोडून 0.5 मिली सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ट्रेमध्ये ठेवा, आणि मगच एएसव्हीचा पहिला थेंब सोडा. खाज, गांध, उलटी, धाप, बीपी खाली, यांतली एक खूण दिसली की एएसव्ही थांबवा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत 0.5 मिग्रॅ द्या. लेकराला किलोला 0.01 मिग्रॅ. पाच-दहा मिनिटांत उतार नाही तर पुन्हा. हायड्रोकॉर्टिसोन आणि एविल त्यानंतर. ती उशिरा लागू पडतात, ती देत बसून अॅड्रेनालिन लांबवली की पेशंट जातो. पेशंट सावरला की तीच बाटली हळू वेगानं पुन्हा सुरू करा. रिअॅक्शन आली म्हणून एएसव्ही कायमची बंद करायची नसते.

नागाच्या लक्षणांत अॅट्रोपिन 0.6 मिग्रॅ शिरेतून, त्यामागोमाग निओस्टिग्मिन 1.5 मिग्रॅ. नागात पापण्या उघडू लागतात, मण्यारीत सहसा फरक पडत नाही. फरक दिसला तर दर अर्ध्या तासानं 0.5 मिग्रॅ निओस्टिग्मिन अॅट्रोपिनसोबत, पाच वेळा. मण्यार वाटत असेल आणि श्वास कमी पडत असेल तर अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाती घ्या. अशा पेशंटचं सगळं अंग लुळं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्याही हलत नाहीत, पण त्याला ऐकू येत असतं. मेला असं समजून बॅग सोडू नका आणि त्याच्या उशाशी तसं बोलूही नका.

डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कोणालाच नको, रक्तस्राव आणि किडनी दोन्ही बिघडतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल. टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन रक्त गोठायला लागल्यावर.

औषध_निर्माता_यवतमाळ:

डॉक्टरसाहेबांनी उपचाराचं सांगितलं, स्टॉकचं मी सांगतो.

12 व्हायल म्हणजे एक पेशंट आणि दोन उरलेल्या. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पीएचसीत 20 च्या खाली आकडा जाऊ द्यायचा नाही, 30 असल्या तर उत्तम. एक पेशंट झाला की त्याच दिवशी ई-औषधीवर (औषधांच्या ऑनलाइन प्रणालीवर) मागणी टाका आणि टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) ऑफिसला फोन करा. जिल्हा भांडारातून यायला वेळ लागणार असेल तर शेजारच्या पीएचसीकडून तात्पुरत्या वर्ग करून घेता येतात, त्याची चिठ्ठी मात्र दोन्हीकडच्या स्टॉक बुकात हवी. काचेच्या ट्यूब, मायक्रो सेट यासारख्या किरकोळ वस्तू रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून घ्या, त्यासाठी जिल्ह्याची वाट पाहू नका.

व्हायल भांडारात कुलपात हे सगळ्यात मोठं दुखणं आहे. साप चावतो रात्री, आणि किल्ली असते तालुक्याला राहणाऱ्या माणसाच्या खिशात. 20 व्हायल ड्युटीवरच्या सिस्टरच्या ताब्यात, प्रसूतिगृहाजवळच्या कपाटात ठेवा. प्रत्येक पाळीला मोजून रजिस्टरवर सही.

साठवण लेबल पाहून करा. पावडरच्या व्हायल थंड, कोरड्या जागी राहतात. द्रव व्हायल 2 ते 8 अंशांतच. विदर्भातल्या मे महिन्यात टिनाच्या खोलीतलं कपाट थंड जागा होत नाही, म्हणून उन्हाळाभर पावडरही साध्या फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. लसींच्या आयएलआरमध्ये (खास फ्रिजमध्ये) मात्र नको, तिथं लसींशिवाय काही ठेवायची परवानगी नाही. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातही नको.

अॅड्रेनालिनवर खास नजर ठेवा. मुदत कमी असते आणि उजेडानं खराब होते. द्रावण गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर मुदत बाकी असली तरी फेकायचं.

आणखी एक. प्रत्येक सर्पदंशाची नोंद आयएचआयपी या आजारांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर टाका. केंद्रानं मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना हा अधिसूचित आजार करण्याबद्दल पत्र गेलं. नोंद नाही तर पुढच्या वर्षी जिल्हा कोणत्या आकड्यावर तुम्हाला जास्त व्हायल देणार?

वॉर्डातली_सिस्टर:

ट्रेचं सांगते. लाल डब्यावर "साप" लिहा आणि तो कोणत्याही दुसऱ्या कामाला उघडू नका. एएसव्ही 10, सोबत आलेलं डिस्टिल्ड वॉटर, 10 मिलीच्या सिरिंज 12, नॉर्मल सलाईन 500 मिलीच्या 3 बाटल्या, साधे आयव्ही सेट 2, मायक्रो सेट 1, 18 आणि 22 नंबरचे इंट्राकॅथ (शिरेत लावायच्या सुया), अॅड्रेनालिन 5, अॅट्रोपिन 10, निओस्टिग्मिन 10 (0.5 मिग्रॅवाल्या, एका डोसला 3 लागतात), हायड्रोकॉर्टिसोन, एविल, काचेच्या ट्यूब 6, मार्कर पेन, टॉर्च. झाकणाच्या आत डोसचा कागद चिकटवा, मराठीत.

अॅड्रेनालिन इन्सुलिनच्या सिरिंजनं देऊ नका, तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही. 2 मिलीची सिरिंज आणि 23 नंबरची सुई.

व्हायल विरघळवताना जोरात हलवली की फेस होतो, मग सिरिंजमध्ये औषध कमी आणि हवा जास्त येते. पाणी काचेच्या कडेनं सोडा आणि व्हायल तळहातांमध्ये हळू फिरवत राहा. एकटीनं 10 व्हायल करायला फार वेळ जातो, म्हणून एक जण लाईन लावेल आणि दोघं विरघळवतील, परिचराला हे आधी शिकवून ठेवा. गुठळ्या राहिल्या किंवा गढूळ दिसलं तर ती व्हायल वापरायची नाही. एकदा विरघळवलेली व्हायल ठेवून द्यायची नाही, म्हणून डोस द्यायचं ठरण्याआधी फोडू नका.

पेशंट दोरी बांधून येतो. ती दारातच कापू नका. आधी लाईन, एएसव्ही तयार, मग हळूहळू सैल करा. घट्ट दोरी एकदम सोडली की अडकलेलं विष एकाच वेळी वर चढतं.

इन्ट्राकॅथ हाताच्या कोपराच्या पुढंच लावा. रक्त गोठत नसताना मानेत किंवा मांडीत सुई घातली तर रक्त दाबून थांबवता येत नाही.

108_वाला_भाऊ:

डॉक्टरसाहेब, रेफर करताना गाडीच्या बाजूनं चार गोष्टी.

ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भरलेला असला तर 1500 लिटर असतात. मिनिटाला 10 लिटर सोडले तर अडीच तास. तुमच्याकडचा सिलिंडर दाखवायपुरता उभा नसावा: काटा पाहा, किल्ली सिलिंडरलाच दोरीनं बांधा, वॉशर फाटलेला नाही ना ते महिन्यातून एकदा उघडून पाहा. लाईन गेली की कॉन्सन्ट्रेटर आणि विजेवरचं सक्शन दोन्ही बंद पडतात, तेव्हा पायानं चालणारं सक्शन चालू हालतीत ठेवा. मण्यारीच्या पेशंटच्या तोंडात लाळ साचते, ती काढली नाही तर अंबू बॅग मारून काही फायदा नाही.

पेशंट डाव्या कुशीवर. गाडी निघण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन करून विचारा: व्हेंटिलेटर मोकळा आहे का? घोणशीचा असेल तर डायलिसिस होते का? नाही म्हणाले तर मधल्या ठिकाणी न थांबता थेट जीएमसीला, गोंदिया काय किंवा नागपूर काय. मधे थांबलं की नुसता कागद बदलतो आणि वेळ जातो.

गाडीत अंबू बॅग मारायला दुसरा माणूस लागतो. तुमच्याकडून एक जण द्या.

धानपट्टा_एमओ:

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. उद्याच डबा भरायला घेतो. दोन शंका राहिल्या. पहिल्या 10 नंतर पुन्हा 10 कधी? आणि रेफर चिठ्ठीत नेमकं काय हवं?

वावरातला_डॉक्टर:

रक्त गोठत नसेल तर पुढची चाचणी डोस दिल्यापासून सहा तासांनी. त्याआधी करून उपयोग नाही, कारण विष निकामी झालं तरी यकृताला गोठवणारे घटक नव्यानं तयार करायला तेवढा वेळ लागतो. तेव्हाही गोठलं नाही तर पुन्हा 10, एकूण 30 पर्यंत. नाग-मण्यारीच्या लक्षणांत एक-दोन तासांनी उतार नसेल किंवा वाढत असेल तर आणखी 10, एकूण 20; त्याच्या पुढं एएसव्ही नाही, श्वास सांभाळायचा. दुसरा डोस बहुतेक पुढच्या दवाखान्यात होईल, म्हणूनच चिठ्ठी नीट हवी.

चिठ्ठीत: चावल्याची वेळ, तुमच्याकडं आल्याची वेळ, चाचणीची प्रत्येक वेळ आणि निकाल, व्हायल किती आणि बॅच नंबर, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, रिअॅक्शन आली का, अॅड्रेनालिन किती, निओस्टिग्मिननं फरक पडला का, लघवीचा रंग आणि अंदाजे मिली. सुजेच्या वरच्या कडेवर मार्करनं रेघ मारून तिथंच वेळ लिहा. पुढच्या डॉक्टरला सूज चढतेय की थांबली ते पेशंटच्या पायावरच दिसतं.

आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी आहे. तिच्यासाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येतं, आणि त्याच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणं थोडं बदलतं. त्यामुळं 10 व्हायल झाल्या म्हणजे काम झालं असं धरू नका, पेशंटकडं पाहत राहा. बांबूच्या रानातल्या हिरव्या चापड्यावर ही एएसव्ही चालत नाही. तिथं सूज आणि दुखणं सांभाळायचं आणि रक्त तपासत राहायचं.

गटप्रवर्तक_ताई:

गावातलं काम मेपासूनच सुरू करा सर. आशाताईंच्या मासिक बैठकीत एवढंच सांगा: पेशंटला चालवायचं नाही, चावलेला हात किंवा पाय काठी आणि ओढणीनं मोडलेल्या हाडासारखा सैलसर बांधायचा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी आधी काढायची. ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. साप मारून आणायची गरज नाही, दुरून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक. 108 ला यायला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणायचं.

मांत्रिकाकडं किंवा पुजाऱ्याकडं जाणारच असतील तर त्याच्याशी भांडण नको. त्याला बैठकीला बोलवा, पापणी उतरणं आणि हिरड्यांतून रक्त या दोन खुणा दाखवा आणि पीएचसीचा नंबर द्या. तो स्वतः पाठवायला लागतो. घराघरांत सांगायचं ते: खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, पऱ्हाट्या-तुराट्यांचा आणि कुटाराचा ढीग घराच्या भिंतीला टेकवू नका, रात्री धुऱ्यावर पाणी द्यायला जाताना टॉर्च आणि बूट.

आणि पेशंट दगावला तर कुटुंबाला वाऱ्यावर सोडू नका. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख मिळतात, सर्पदंश त्यात बसतो. त्यासाठी एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, पोलिसांचा पंचनामा आणि पीएमचा (शवविच्छेदनाचा) रिपोर्ट लागतो. केस पेपरवर "अज्ञात प्राणी चावला" असं लिहिलं की प्रकरण तिथंच अडकतं. लक्षणं सर्पदंशाची असतील तर डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहावं. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं जायला हवा, म्हणून केस पेपरची प्रत त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या हाती द्या.